सहा हिरव्या बांगड्या

बायकोला बार्शीला पोचवलं त्या दिवशी आमच्या गावात चूल पेटलेली घरं बेचाळीस होती. एरवी एकशे सहा. निजामी अंमलाचं ते शेवटचं वर्ष. रझाकारांच्या धाकानं ज्याला जमेल तो मोगलाईची, म्हणजे निजामाच्या मुलखाची, हद्द ओलांडून पलीकडं जात होता. बार्शी आमच्यापासून बारा कोस, हद्दीच्या पलीकडं, आणि तिचं माहेर तिथलं. पाडवा होऊन आठवडा झाला होता. तिला पाचवा महिना लागला होता.

आधीची दोन मुलं राहिली नव्हती. मुलगा अकरा दिवसांचा होऊन गेला. नंतरची मुलगी चार दिवसांची. गावातल्या बायका म्हणाल्या, बारवेतल्या आसरा आडव्या आल्या. आसरा म्हणजे पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. बारवेच्या काठावर उंबराखाली शेंदूर लावलेले सात दगड आहेत, ते त्यांचं ठाणं. पहिल्या खेपेस पोटुशी असताना ही भर दुपारी केस मोकळे सोडून पाण्याला गेली आणि त्यांचा मान मोडला, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मी मानत नव्हतो. आजही मानतो असं म्हणणार नाही. पण ती मानत होती. मूल होईपर्यंत दर अमावस्येला त्यांची ओटी भरीन, असं ती बोलून बसली होती.

गाडीत ती म्हणाली, "आता तुमीच करायचं."

"बाप्यानं ओटी भरल्याली कुठं बघितलीस?"

"मग बाई कुठनं आणता? हाय का घरात कुणी?"

घरात कुणी नव्हतं. मी, दोन बैल आणि एक गाय.

"बरं. एक-एक सांग," मी म्हणालो.

तिनं सांगितलं. अमावस्येला, सूर्य डोक्यावर आल्यावर. आंघोळ करून, अनवाणी. हिरवा खण, सात हिरव्या बांगड्या, दहीभाताचे सात मुटके, हळदकुंकू, काजळ, फणी. पाण्यात थुंकायचं नाही. ठेवायचं आणि मागं न बघता यायचं. घर येईस्तोवर वाटेत कुणाशी बोलायचं नाही. परत बघायला तर मुळीच जायचं नाही.

"आणि नीट मोजून ठेवा," ती म्हणाली. मग तिलाच हसू आलं. "तुमाला मोजाय सांगायचं म्हंजे माशाला पवायला शिकवायचं."

हद्दीवरच्या करोडगिरी नाक्याच्या, म्हणजे जकातनाक्याच्या, अलीकडं तिचा भाऊ उभा होता. तिथून ती त्याच्या गाडीत बसली.

चैत्राच्या अमावस्येला मी सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. बांगड्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या चाचीकडून आणल्या. चाची म्हणजे बांगड्या भरणारी म्हातारी, एकटीच राहायची. तिची मुलगी बिदरकडं दिली होती. माझ्या बायकोच्या लग्नातला चुडा तिनंच भरलेला. मी सात मागितल्या, तिनं सात दिल्या, काही विचारलं नाही. दुपारी बारवेवर चिटपाखरू नव्हतं. एकेचाळीस पायऱ्यांपैकी तेवीस कोरड्या पडल्या होत्या. दर दगडापुढं एक मुटका, एक बांगडी असं ठेवलं आणि मागं न बघता आलो. वाटेत बोलायचं नाही हा नियम पाळायला काही कष्ट पडले नाहीत. बोलायला वाटेत होतं कोण!

महिनाभरात घरं एकतीसवर आली. पत्र येत नव्हतं. पलीकडून येणाऱ्या माणसाला नाक्यावर अडवत होते. मी सकाळी उठून गच्चीवर जाई, धूर मोजी, खाली येई. दोन भाकरी थापायच्या, एक सकाळी, एक संध्याकाळी. बैलांशी बोलावं म्हटलं तर त्यांच्याशी काय बोलायचं ते सुचत नसे. बोलणं हे काम घरात तिच्याकडं होतं.

वैशाखाच्या अमावस्येला पुन्हा तसंच सगळं ठेवून घरी आलो आणि चैन पडेना. ठेवलेलं त्यांना पोचलं की नाही, हे कळायला काही मार्गच नव्हता. मी आयुष्यात कुठलंही काम करून ते पुन्हा तपासल्याशिवाय सोडलेलं नाही. बी पेरलं तरी ओळीत चार ठिकाणी उकरून बघतो. तास-दीड तासानं उठलो आणि बारवेवर गेलो.

मुटके कावळ्यांनी नेले होते. ते मी धरूनच चाललो होतो. खण होता, फणी होती. बांगड्या सहा होत्या.

तीनदा मोजल्या. गवतात शोधलं, खालच्या पायऱ्यांवर शोधलं. कावळा बांगडी नेईल का? नेईलही. गुरं राखणाऱ्या एखाद्या पोरीनं उचलली असेल. पण त्या दिवशी त्या बाजूला गुरं नव्हती, हे मी नंतर विचारून आलो. खरी भीती मला तिथं उभं असतानाच वाटली. सातवी कुठं गेली, ही ती भीती नव्हती. बघायला जाऊ नका म्हणून बायकोनं बजावलं होतं आणि मी आलो होतो. तिच्या दृष्टीनं मी सगळं मोडून ठेवलं होतं. तिकडं मुलाला काही झालं तर ते माझ्यामुळं झालं असं ती म्हणेल, आणि न मानणाऱ्या मलाही ते खोडून काढता येणार नाही.

दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी चाचीच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि तिला सगळं सांगितलं.

चाची सुपात बाजरी पाखडत होती. ऐकून घेतलं आणि सूप खाली ठेवलं.

"गिनके रखे थे?"

"व्हय. सात."

"और फिर गिनने कू गये?"

"व्हय."

"अरे वा! घरी पाव्हणा आला, ताट वाढलं, अन् मागनं जाऊन त्येचे घास मोजले. कसं वाटंल पाव्हण्याला?"

सुपातून सांडलेले बाजरीचे दाणे मी एक-एक वेचायला लागलो.

"तुमच्या आसरा, आमच्या पऱ्या. पानी येकच हाय भाऊ. माझ्या सासूच्या अंगणात कडुलिंबाखाली पऱ्यांची जागा व्हती. सासू सांगायची, त्यांना खायला कमी न्हाय. त्या मानाच्या भुकेल्या. तुमी बसा म्हनलं का त्यांना?"

"कुणाला बसा म्हणू? दगडांना?"

"मंग ओटी कुनाला दिली? दगडांना?" ती हसायला लागली. "इतकं शिकलात उर्दू सातवीपातुर, आन् पाव्हण्याला बसा म्हनायचं शिकवलं न्हाय मास्तरनं!"

मग तिनं तिची रीत सांगितली. जायचं, सलाम करायचा, तुम्ही लोक नमस्कार करा. आधी आपण कोण ते सांगायचं. मग त्यांची विचारपूस करायची. जे नेलं ते मोजायचं नाही. पहिल्या दिवशी काही मागायचं नाही, पहिल्याच भेटीत मागतो तो भिकारी. मागायचं ते अगदी शेवटी, एकदाच. आणि तिथं जे बोललो ते घरी येऊन सांगायचं नाही.

"झाली चूक माफ करतील?" मी विचारलं.

"बोल के देखो. अकेले हैं वो भी."

ज्येष्ठाच्या अमावस्येला तिनं टोपलीत हात घातला आणि मूठभर बांगड्या माझ्या पंच्यात टाकल्या. मी बघायला लागलो तसा तिनं पंच्याचा पदर ओढून झाकला. "नक्को."

मी आयुष्यात न मोजता काही नेलं असेल तर ते तेवढंच.

बारवेवर जाऊन ठेवलं, नमस्कार केला, आणि अवघडून उभा राहिलो. ऊन डोक्यावर तापत होतं. "बसा बाई," म्हणालो. आवाज बारवेत उतरून परत आला. माझाच आवाज मला महिनाभरानं नीट ऐकू आला असेल. मी कोण, कुणाचा, जमीन कुठं, ते सांगितलं. विचारपूस कशी करायची ते कळेना, म्हणून पाणी किती पायऱ्या खाली गेलंय ते सांगितलं. त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. मग गावात किती घरं उरली ते सांगितलं. गायीनं दूध कमी केलंय, डावा बैल उजव्या पायानं लंगडतोय. मागच्या वेळी मोजायला आलो ते चुकलं, असंही सांगितलं. मग बसलो. केव्हा बसलो ते कळलं नाही, पण उठलो तेव्हा उंबराची सावली माझ्यावरून सरकून पुढं गेली होती.

आषाढात गेलो तेव्हा मुलांचं बोललो. मुलगा अकरा दिवसांचा होता, त्याला नवव्या दिवशी माझं बोट धरता आलं होतं. मुलीचा आवाज बारीक होता. चौथ्या दिवशी सकाळी मी शेतावर गेलो तेव्हा ती होती. हे मी बायकोशी कधी बोललो नव्हतो. ती रडेल म्हणून मी बोललो नाही, आणि मी बोलत नाही म्हणून तीही थांबली, असं एका घरात आम्ही पाच वर्षं काढली होती. सात दगडांना हे सगळं सांगून झालं. कोणी काही म्हणालं नाही. घरी येताना वाटेत एक माणूस भेटला. त्यानं "काय पाव्हणं?" म्हणून हाक दिली, मी नुसती मान हलवली. तो मला शिष्ट समजला असणार.

पोळ्याच्या अमावस्येला बारव भरत आली होती, कोरड्या पायऱ्या सहाच उरल्या होत्या. त्या दिवशी मागितलं. एकदाच. काय शब्दांत मागितलं ते लिहीत नाही.

त्यानंतर पंधरा-सोळा दिवसांत निजामाचं राज्य गेलं. लष्कर आलं, रझाकार पळाले, आणि मग ज्यांनी कुणाला बोट लावलं नव्हतं अशा मुसलमान घरांवरही दिवस फिरले. चाचीनं एका सकाळी टोपली आणि एक बोचकं घेऊन बिदरच्या वाटेला लागलेल्या गाडीत जागा धरली. मी गोठ्यात होतो. बाहेर आलो तेव्हा गाडी वेशीपाशी गेली होती. पळत गेलो असतो तर गाठता आली असती. "थांबा, माझ्या घरी चला," म्हणता आलं असतं. लोक काय म्हणतील याचा मी तेवढ्यात विचार केला, आणि तेवढ्यात गाडी वळली.

पुढं आठवड्यानं मेहुण्याचा गडी आला. दारातूनच ओरडला, "मालक, पोरगी झाली! आज बाविसावा दिस!"

"आज?"

"आज बाविसावा. दूध पितीया, रडतीया, समदं झ्याक."

अकरा, चार, आणि बावीस. मी तसाच अनवाणी गल्लीच्या टोकाला गेलो आणि चाचीच्या दाराला कुलूप बघून परत आलो. विसरलो होतो, असं म्हणणं खोटं होईल. ठाऊक असून गेलो.

दिवाळीच्या आधी बायको मुलीला घेऊन आली. दिवाळीच्या अमावस्येला नवस फेडायला निघताना तिनं परडी भरली. सात मुटके. बांगड्या बार्शीहून आणलेल्या. बोटानं एक-एक सरकवत मोजत होती.

"मोजू नको," मी म्हणालो.

"का वो?"

मला सांगता येईना. चाचीनं सांगायचं नाही म्हटलं होतं, आणि सांगायला लागलो असतो तर मोजायला गेलो होतो तिथून सांगावं लागलं असतं.

"उगीच," मी म्हणालो.

"तुमी, आन् मोजू नको म्हंता?" ती हसली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.

मुलीला पाण्याजवळ न्यायचं नव्हतं आणि बाई ओटी भरत असताना पुरुषानं जवळ जायचं नसतं, म्हणून तिला घेऊन मी बांधावर थांबलो. तिथून उंबर दिसत होता, दगड दिसत नव्हते. बायको तिथं जेमतेम क्षणभर थांबली. ठेवलं, वाकली आणि लगेच वळली. बसली नाही, काही बोलली नाही. तिथं किती बोलता येतं ते तिला ठाऊक नव्हतं.

मागं न बघता ती आली आणि आमच्या शेजारून न बोलता पुढं गेली. नियमच तसा. मी मुलीला खांद्यावर घेऊन चार पावलं मागून चालू लागलो. घर येईस्तोवर आमच्यापैकी कुणीच बोललं नाही.