वीस अक्षरं आणि दोन चहा

अमावास्येला मुद्दाम नवा शर्ट घालणारा माणूस आहे मी. संकेत, दृष्टांत यांतलं मला काही पटत नाही आणि पटवून घ्यायची हौसही नाही. तरी हे लिहितोय, कारण तुमच्यात कोणी कॉम्प्युटरचा जाणकार असेल तर सांगू शकेल कदाचित...

सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा चादरींचा कारखाना आहे. मी ऑफिस बघतो. डिझाइनच्या खोलीत तीन नवे कॉम्प्युटर आले, तेव्हा मालकांनी उद्घाटन ठेवलं. फीत, शाल, नारळ आणि डिजिटल युगावर अर्धा तास भाषण. (मालक स्वतः ईमेल छापून आणायला सांगतात.) मग नव्या मागाची करतात तशी तिन्ही यंत्रांची हळद-कुंकू वाहून यथासांग पूजा.

दुसऱ्या दिवशी एकाही यंत्राला पेनड्राइव्ह लागेना. इन्स्टॉलेशनला आलेल्या इरफानभाईंनी टॉर्च मारून बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "साब, भोक में पूरा कुंकू भरेला हय. उनो बिचारा पढेगा कैसा?"

ब्रशने कुंकू काढलं. विंडोज चढलं, प्रिंटर जुळला. अडलं ते नक्षी काढायचं आमचं जुनं सॉफ्टवेअर. ते वीस अक्षरी परवाना क्रमांक मागायचं. बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. क्रमांक ठाऊक होता फक्त अंबादासला.

अंबादास आमचा डिझायनर. बावीस वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसला. विणकरांच्या घरातला, घरी तेलुगू. क्रमांक लिहून ठेव म्हटलं की म्हणायचा, "कागद हरवतंय हो. डोकं कुटं हरवतंय?" डोकं हरवलं नाहीच. जानेवारीत अख्खा माणूसच गेला, झोपेत.

इन्स्टॉलेशनची त्याची एक पद्धत होती. स्क्रीनला दोन टिचक्या मारायच्या आणि "आगु, आगु" पुटपुटायचं, म्हणजे थांब जरा. मराठीत सांगितलं तर ऐकत नाही, असं त्याचं मत. मग स्क्रीन बंद. "बघत बसलं की लाजतंय ते. चला, चहा."

तो गेल्यावर महिन्याभराने त्याची बायको, पुष्पावहिनी, ऑफिसात आल्या. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाल्या, "माझ्यासाठी एक चादर काढलोय म्हणत होते. जाईची वेल. दावले न्हाईत. विणल्यावरच बघ म्हणाले."

जुना कॉम्प्युटर जळालेला होता, पण डिस्कवर फाइल सापडली. नाव 'पुष्पा'. ती त्या सॉफ्टवेअरशिवाय उघडणार नव्हती. मी वहिनींना "होईल" म्हणून बसलो होतो, आणि ते 'होईल' मला दिवसभर टोचत राहायचं.

इरफानभाईंनी तीन दिवस खटपट केली. शेवटी बॅग आवरत म्हणाले, "साब, नंबर तो अंबादासभाई साथ ले गए."

गुरुवारी दुपारी मी एकटाच त्या खोलीत होतो. सॉफ्टवेअर पुन्हा चढवायला घेतलं. पुन्हा तीच रिकामी चौकट. का कोण जाणे, स्क्रीनला दोन टिचक्या मारल्या. "आगु" म्हटलं. स्वतःचीच लाज वाटली. स्क्रीन बंद केली, दाराला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि समोरच्या गाड्यावर दोन चहा सांगितले... सवयीने. दुसरा तसाच निवत राहिला.

वीस मिनिटांनी परत येऊन स्क्रीन चालू केली, तर जाईची वेल.

फाइल उघडलेली होती. खोलीला दार एकच, खिडकीला गज, इंटरनेटची वायर अजून ओढायची होती. दुसरी किल्ली मालकांकडे, आणि मालक पुण्यात. इरफानभाईंचं म्हणणं, क्रमांक जुन्या डिस्कवरून आपोआप आला असेल. मग 'पुढे' हे बटण पाच वेळा कोणी दाबलं? त्यावर ते टॉर्च काढून पुन्हा भोकं तपासायला लागतात. सेटिंगमध्ये क्रमांकाच्या जागी नुसत्या फुल्या दिसतात. वीस फुल्या. मी त्यांच्याकडे बराच वेळ बघत बसलो. अजून काही उमटेल असं वाटत होतं... एखादी ओळ, निदान एखादी तेलुगू शिवी. त्याने मला भरपूर दिल्या होत्या. काही उमटलं नाही.

चादर विणली. वहिनींनी ती टेबलावर पसरली आणि वेलीवरून हात फिरवत राहिल्या. "आमच्या दारातली हाय की. पण ती डावीकडं चढलीय. हितं उजवीकडं."

मी विचारलं, चुकलंय का?

"न्हाई," त्या म्हणाल्या. "पलंगावर माझी बाजू उजवी."

उरलेल्या दोन कॉम्प्युटरवर ते सॉफ्टवेअर आजवर चढलेलं नाही. दर गुरुवारी मी टिचक्या मारतो, स्क्रीन बंद करतो, कुलूप लावून दोन चहा सांगतो. इरफानभाई म्हणतात, एकावर चालतंय ना साब, बाकीच्यांची गरज काय?

सॉफ्टवेअरची गरज नाहीच. गाडेवाला हल्ली न विचारता दोन कप भरतो, आणि मी त्याला अजून नको म्हटलेलं नाही.