शेवटच्या सामन्याचा गोलकीपर

तळघरातली खोकी आवरताना जुन्या ग्लोव्हजचा रबरी, घामट वास आला आणि जर्मनीतल्या हायडेलबर्गजवळचं ते खेडं आठवलं, जिथे पीएचडी करताना मी एका आजोबांकडे भाड्याने राहायचो. गावचा फुटबॉल क्लब त्यांनी चाळीस वर्षं चालवला होता. तरुण पोरं शहरात गेली आणि तो बंद करायची वेळ आली. शेवटच्या सामन्याला गोलकीपरच नव्हता. आजोबा म्हणाले, "तुम्ही क्रिकेटवाले झेल घेता ना? मग राहा उभा." चिखल, ओलं गवत, कडेला भाजणाऱ्या सॉसेजचा धूर, आणि अगदी शेवटच्या मिनिटापर्यंत शून्य-शून्य. मग एक सणसणीत फटका मी झेप घेऊन पकडला, आणि क्रिकेटमध्ये झेल घेतल्यावर उडवतात तसा आनंदाने चेंडू वर उडवला. तो माझ्या डोक्यावरून मागे, आमच्याच जाळीत पडला. आम्ही हरलो. तोंड कुठे लपवू असं झालं मला. आजोबा लंगडत आले, माझ्या ग्लोव्हजवरचा चिखल पुसत म्हणाले, "हे बघ, झेल छान होता. पुढच्या सामन्यात चेंडू सोडू नकोस." पुढचा सामना नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? रबर आखडल्यामुळे ग्लोव्हज आता मला होत नाहीत, पण मी ते परत खोक्यात ठेवले.