धर्माजींनी भिजत घातलेला खडा

धर्माजी कारखान्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायचे आणि रविवारी वरसाव्याच्या खाणीवर दगड गोळा करत हिंडायचे. आमच्या भाईंदरच्या चाळीत इतका निरुपद्रवी माणूस दुसरा नव्हता. एकदा कारखान्यातल्या अ‍ॅसिडमध्ये त्यांचा एक देखणा पांढरा स्फटिक फेसाळत विरून गेला, तेव्हा ते दिवसभर जेवले नाहीत. त्यानंतर दगड धुवायला अ‍ॅसिड बंद, तारेचा ब्रश बंद, फक्त पाणी आणि जुना टूथब्रश. पाण्याने कुणाचं वाईट होत नाही, असं ते ज्याला त्याला ऐकवायचे. मला या शहाणपणाचा कधीकधी रागच यायचा.

ब्याण्णवच्या उन्हाळ्यात दारावर सुकट विकणारी मोरवा गावची शेवंती काजळीने माखलेला, नारळाएवढा खडा घेऊन आली. सासऱ्याची एवढीच आठवण उरली होती. वर्षश्राद्धाला फोटोपुढे ठेवायचाय, जरा पुसून द्या, म्हणाली.

नुसतं पुसून भागणार नाही, हे धर्माजींनी परस्पर ठरवलं आणि खडा बादलीत भिजत घातला. दुपारी पाणी गढूळ झालं म्हणून बदललं, संध्याकाळी पुन्हा बदललं. खडा लहान दिसतोय, असं त्यांच्या बायकोने, कांतावहिनींनी म्हटलं, तर काजळी निघतेय म्हणून यांनी त्यांनाच गप्प केलं.

सकाळी बादलीत हात घातला तर हाताला खडाच लागेना. सगळं पाणी मोरीत ओतून त्यांनी तळ पाहिला. चिमूटभर गाळ आणि एक काटकी उरली होती. खडा कुठे ठेवलास म्हणून आधी वहिनींवर डाफरले, मग ओल्या हाताने तोंड पुसलं आणि जागीच थिजले. ओठ खारट लागत होते.

तेवढ्यात शेवंती आलीच. वहिनींनीच सांगितलं तेव्हा ती उंबऱ्यावर बसली आणि तो खडा कसला होता ते सांगू लागली. घरचं मिठागर विकायच्या आधीच्या हंगामात सासऱ्याने वाफ्यात एक काटकी खोचून ठेवली होती, तिच्यावर बसलेलं मीठ होतं ते. ओल लागू नये म्हणून घरच्यांनी चुलीवरच्या फळीवर जपलं होतं.

ती ओरडली नाही, रडलीही नाही. पदर खोचून उठली.

"पानी कुठं हाय भाऊ? दे मना. ताटान ओतून उन्हान ठेवते, मीठ परत बसंल."

धर्माजींनी तिला मोरी दाखवली.