छत्रीने नेमलेली माणसं

कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांतल्या लहानथोरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, 'कोणीतरी' नावाचा इसम या भागात कधीही राहत नव्हता. तो पाणी आणत नाही, डॉक्टरला बोलावत नाही, स्टोव्हवरचं दूधसुद्धा उतरवत नाही. हा शोध माझ्या बायकोच्या मामांनी लावला आणि उरलेलं आयुष्य त्याच्या प्रचारात घालवलं.

मामा भिवपुरीच्या वीजघरातून निवृत्त होऊन भिसेगावात राहायला आले होते. अंगाने बेताचे, आवाजाने मात्र दुमजली. हातात बारा महिने काळी छत्री, पण ती उघडलेली मी फारशी पाहिली नाही. माणसं नेमणं हे तिचं खरं काम. घरात पाच जण असले की दूध हमखास उतू जातं आणि मामी एकटी असली की जात नाही, हे मामांनी ताडलं होतं. म्हणून रोज सकाळी दुधावर एकाच माणसाची नेमणूक होई. बायको त्यांच्याकडेच वाढलेली, त्यामुळे माझा दिवाळसणही तिथेच झाला. अंगाला उटणं लावून मी पाटावर बसणार, तोच मामा म्हणाले, "जावईबापू, आज दूध तुमचं." सगळी सासुरवाडी मला बघत होती आणि मी पातेलं बघत होतो. दूध तापून निवून त्यावर साय धरली, तरी उठायची सोय नव्हती. नेमलेल्या माणसाने मामा "सुटलात" म्हणेपर्यंत हलायचं नाही, हा त्यांचा दुसरा नियम.

एकदा बाजाराच्या उतारावर भाताच्या गोण्यांची बैलगाडी कलंडली. वीसेक माणसं जमली आणि गाडी मुळात कशी भरायला हवी होती, यावर वीसही जण बोलू लागले. जोखडाखाली अडकलेला बैल गाडीवान बिचारा एकटाच सोडवत होता. मामांनी छत्री उगारली. निळा सदरा, तुम्ही बैल धरा. मिशीवाले, चाकाला दगड लावा. ताई, पिशवी खाली ठेवा आणि मागच्या गाड्या थांबवा. माणसं अशी हलली, जणू त्याच कामासाठी घरून निघाली होती. गाडी उभी राहिल्यावर मामांनी एकेकाला रीतसर मोकळं केलं, तर एक आजोबा रुसून बसलेले. "मामा, मला काय काम दिलंच नाय तुमी." मामांनी त्यांना सांडलेलं भात गोळा करायला बसवलं, तेव्हा कुठे त्यांची कळी खुलली. परतताना मामा मला म्हणाले, "माणसं वाईट नसतात हो. कोणी सांगेल म्हणून थांबलेली असतात."

हे सगळं मला तोंडपाठ होतं. तरीही एका बाजारच्या दिवशी मी काय केलं, ते सांगतो. भाजीच्या ओळीपाशी माणसांचं कडं दिसलं. कोणाला तरी चक्कर आली, असं कानावर आलं. टाचा उंचावूनही मला काही दिसेना. एवढी माणसं आहेत, कोणीतरी पाणी आणलंच असेल, असं मनाशी म्हणत मी पाठ फिरवली. तेवढ्यात त्या पायांच्या दाटीतून एक काळी छत्री वर आली. थरथरत होती. माणूस शोधत होती, पण तिच्या मालकाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

मी आत कसा घुसलो, आठवत नाही. मामा घामाने निथळत होते, एक हात छातीवर होता. भोवती तीसेक माणसं मनापासून हळहळत होती. मी छत्री हातात घेतली आणि माझ्या तोंडून मामांचा आवाज बाहेर पडला. पिवळा शर्ट, पाणी आणा. तुम्ही, तो टेंपो रिकामा करा. तुम्ही दोघं, यांना उचला. मामांच्या पायांतून निसटलेल्या चपला मी समोरच्या टोपीवाल्या शेतकऱ्याच्या हातात कोंबल्या, "ह्या धरा" म्हटलं आणि टेंपोत चढलो.

आणखी थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. दिवेलागणीला मामांनी डोळे उघडले, स्वतःच्या अनवाणी पायांकडे बघितलं आणि चपला कोणाकडे आहेत, ते विचारलं. एका टोपीवाल्याकडे, मी म्हणालो.

"त्याला सोडलंत का?"

मी तसाच बाजारात धावलो. त्या चपला घालून मामा पुढे सहा वर्षं गावभर माणसं नेमत हिंडले. आता ते नाहीत. छत्री माझ्याकडे आहे, पण माझा आवाज एकमजलीच. ती खुंटीवर दिसली की मला त्या संध्याकाळचा उठलेला बाजार आठवतो. रिकाम्या ओट्यांमध्ये, त्याच जागी, तो टोपीवाला उभा होता. शेजारी टोपलीतली कोथिंबीर सुकून गेली होती, त्याच्या गावाची शेवटची एसटी कधीच निघून गेली होती आणि चपला त्याने छातीशी धरल्या होत्या. मी धापा टाकत माफी मागू लागलो, 'सुटलात' म्हणायचंही मला सुचेना. एवढा उशीर का झाला, हे त्याने विचारलंच नाही. तो एकदा चपलांकडे बघायचा, एकदा माझ्या तोंडाकडे. शेवटी न राहवून बोलून गेला, "म्हाताऱ्याला लागतील ना रं ह्या?"