पेरणीच्या दिवसांतली इलेक्टिव्ह

"सर, मे महिन्यात पुण्याला जाऊन करू काय मी? रिकाम्या टेबलाला भूल देऊ?"

डॉ. शलाका माझ्यासमोर उभी होती. ती आमची तिसऱ्या वर्षाची रेसिडेंट, म्हणजे एमबीबीएसनंतर भूलशास्त्रात एमडी करणारी डॉक्टर. मी नागपुरातल्या एका मेडिकल कॉलेजात हा विषय शिकवतो. कोणी कधी कुठे काम करायचं, हे ठरवणंही माझ्याकडेच आहे.

इलेक्टिव्ह म्हणजे आवडीचा विषय शिकायला महिनाभर दुसऱ्या रुग्णालयात जाणं. शलाकाला तान्ह्या मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेतली भूल शिकायची होती. ती आमच्याकडे होत नाही. "जन्मभर जे करायचं ते एकदा जवळून तर बघू द्या," एवढंच तिचं म्हणणं. पुण्याच्या एका रुग्णालयाने होकार दिला होता.

महिना मी निवडला होता. मेमध्ये आमचे निम्मे सर्जन उन्हाळी सुटीवर असतात, ठरवून करायची ऑपरेशनं कमी होतात, एक रेसिडेंट सहज सोडता येतो. हिशोब चोख होता. फक्त पुण्यालाही तीच सुटी असते, हे मी धरलं नव्हतं. शलाकाने फोन केला तेव्हा कळलं की मेमध्ये तिथे मुलांची फक्त तातडीची ऑपरेशनं होतात.

मी विभागप्रमुख मॅडमकडे गेलो.

"मे नाही, तर मग नाही," त्या म्हणाल्या. "ऑगस्टपासून फायनल इयरचं कोणीच बाहेर जाणार नाही. परीक्षा आहे."

"जून-जुलै?"

"सगळे सर्जन परत आलेले असतील. टेबलापाशी कोण उभं राहील? तुम्ही?"

मी उठलो. शलाकाला सांगितलं तेव्हा तिने पुण्याचं होकाराचं पत्र घडी घालून खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं भूलपूर्व तपासणीच्या ओपीडीत होतो. ऑपरेशनआधी रुग्णाला भूल सोसेल का, हे तिथे बघतात. नरखेडकडचे एक काका हर्नियासाठी आले होते. सर्जनने जूनअखेरची तारीख दिली होती.

"तवा नाही जमत जी," काका म्हणाले. "पेरणी राहीन."

"काका, दुखतं ना पण?" शलाकाने विचारलं.

"दुखते तं. पण हर्निया थांबते बाई, पाऊस थांबते काय? पेरणी झाली का येतो. तुम्ही काहून घाई करून राहिल्या?"

शलाका हसली. "सर, माझ्या बाबांचं मूळव्याधीचं ऑपरेशन असंच दोन वर्षांपासून पेरणीनंतर होणार आहे."

मी हसलो नाही. आमचे बहुतेक रुग्ण खेड्यांतले. एक काका थांबतात, तर बाकीचे थांबत नसतील का? दुपारी मागच्या तीन वर्षांची ऑपरेशनं आठवड्यागणिक मांडली. तिन्ही वर्षी पेरणीच्या आठवड्यांत खड्डा. तेव्हा दोन टेबलं जवळजवळ रिकामी असतात आणि आम्ही त्यांच्याशेजारी रेसिडेंट उभे करून ठेवतो.

मॅडमनी आकडे नीट वाचले. त्या मूळच्या वर्ध्याच्या, फसणाऱ्यातल्या नाहीत.

"आणि साप?"

प्रश्न बरोबर होता. पाऊस आला की सर्पदंश वाढतात. श्वास बंद पडणारे रुग्ण आयसीयूत व्हेंटिलेटरवर येतात, आणि तिथेही आमचेच रेसिडेंट लागतात.

"धरलेत. टेबलांवरून दोघं सुटतात. एक आयसीयूत, एक पुण्यात."

"म्हणजे शिल्लक शून्य. पाऊस लांबला तर?"

"तर मी उभा राहीन."

"लक्षात ठेवते हं," म्हणाल्या आणि सही केली.

जूनच्या मध्याला शलाका गेली. पुण्यात मेमधली तुंबलेली ऑपरेशनं सुरू झाली होती, तिला रोज काम मिळालं. इकडे पाऊस लांबला. पेरणी नाही, म्हणून शेतकरी ऑपरेशनला हजर. पहिले आठ दिवस मी टेबलापाशी उभा. मॅडम दारातून डोकावायच्या, "काय म्हणतंय हवामान खातं?" बायकोने घरी गुडघ्याला लावायचं तेल काढून ठेवलं होतं. नवव्या दिवशी नरखेड-काटोलकडे दणकून पाऊस झाला, दुसऱ्या सकाळी निम्मे रुग्ण आलेच नाहीत, आणि मी खुर्चीत बसलो. इतक्या समाधानाने मी पाऊस कधी ऐकला नव्हता.

जुलैअखेर काका आले. भूल द्यायला शलाका होती.

"झाली पेरणी, काका?"

"झाली जी. तुम्ही कुठी गेल्त्या? मागं चक्कर मारली तं दिसल्या नाही."

"पुण्याला. शिकायला."

"आलं का मंग?"

"थोडं थोडं."

"थोडं?" काका उठून बसले. "मंग साहेबांनाच उभं करा नं!"

मी उभा राहिलो. पण भूल तिनेच दिली, आणि उत्तम दिली.

तेव्हापासून कुणाला बाहेर पाठवायचं असलं की मी दोनच गोष्टी विचारतो. तिकडे शिकवायला कोण आहे, आणि इकडे पाऊस कधी आहे. दुसरीचं उत्तर अजून कोणी खात्रीने देत नाही. म्हणून तेलाची बाटली वर काढूनच ठेवली आहे.