बोक्याचा डबा

जखमी प्राण्यांच्या त्या केंद्रात त्याला सगळे बोका म्हणत. मिशा तशा, चाल तशी, आणि दुधाच्या खोलीची किल्ली त्याच्याकडेच. म्हणजे चोराच्या हाती जामदारखाना! तो ते हसण्यावारी न्यायचा.

एकदा तोडलेल्या झाडाच्या ढोलीतून रानमांजरीचं पिल्लू आलं. अंगावर ठिपके, लांबलचक शेपूट, डोळे बशीएवढे. जात दुर्मीळ, एका वेळी एकच पिल्लू, आणि खारीसारखी डोकं खाली करून झाड उतरणारी. पिल्लू मादी होतं; बोक्याने तिला बाटलीने दूध पाजलं, स्वतःच्या स्वेटरात निजवलं.

"आपल्या पोरांसाठी कधी जागलात का असे?" बायको म्हणायची.

मांजरी मोठी होऊन शिकार करू लागली तसं केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी फर्मान काढलं. "आता हिला माणसाची भीती घाला. माणूस दिसताच पळाली, तरच रानात जगेल. सगळ्यांनी आळीपाळीने डबा बडवायचा."

"मीच बडवतो, बाई," बोका म्हणाला. परक्या कुणी तिला धाकदपटशा दाखवावा, हे त्याला सोसवेना. बाकीच्यांना काय, आयतंच काम टळलं.

पहिल्या दिवशी ती धावत येऊन त्याच्या पायाला अंग घासू लागली. त्याने तिच्या कानाशी पत्र्याचा डबा बडवला. तिला वाटलं, खेळच आहे. मग त्याने गार पाणी फेकलं. काळीज दगडाचं करून तो रोज बडवत राहिला. शेवटी त्याची पावलं वाजली की ती वरच्या फांदीवर जाऊन फिस्कारू लागली. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. त्या दिवशी तो जेवला नाही. आणि शहाण्यांपैकी एकालाही दुसऱ्या कुणाला आत पाठवून बघावंसं वाटलं नाही.

तिला रानात सोडलं तेव्हाही डबा त्यानेच वाजवला. ती मागे वळूनसुद्धा न बघता गेली.

महिन्याभरात एका लाकूडतोड्याकडे तिचं कातडं सापडलं. डॉक्टरीणबाई चौकशी करून आल्या आणि बोक्यासमोर बसल्या.

"फास लावावाच लागला नाही म्हणे. चुलीपाशी आपणहून आली. त्याच्या पायाला अंग घासत होती."

बोक्याला कळायला वेळ लागला नाही. जगात ज्या एका माणसापासून तिला कसलाच धोका नव्हता, त्यालाच काय ती भीत होती.

"मला बघून तर कशी पळायची हो, बाई," तो म्हणाला.