‘जातो’ म्हणणारा शेजारी

१९८७च्या मे महिन्यात उल्हासनगरच्या आमच्या सिंधी शेजाऱ्याने मला आपला टेबलफॅन दोनशे रुपयांना विकला, तेव्हा माझी बायको हजर होती. हा कापडवाला गिऱ्हाइकाला आठ आणे सोडत नसे आणि आमच्याकडून उठताना रोज “चलो भाऊ, येतो” म्हणे. आता तो परदेशातल्या एका डोंगरी गावी कायमचा निघाला होता. तिथे बाहेरचं कोणी फिरकत नाही, मग धंदा कसा होणार, हा हिशेब मला लागेना.

“वस्ती किती?” मी विचारलं.

“मालूम नहीं, साईं. कपडे का दुकान एक भी नहीं, इतना पक्का.”

“गिऱ्हाईक तरी आहे का?”

तो उठला. “जातो.”

बायको दचकली. “अहो, जातो म्हणू नये. येतो म्हणा.”

“भाभी, झूठ कैसे बोलूँ?”

तो जिन्यापर्यंत गेला, परत आला आणि घेतलेले दोनशे रुपये माझ्या हातात कोंबून म्हणाला, “ये आके लूंगा.”

ती भेट होती की वायदा, मला अजून कळलेलं नाही. पंखा चालतो आहे. तो आलेला नाही, आणि पैसे मी अजून कोणालाच दिलेले नाहीत.